सरासरीत बुडालेले तालुके : प्रादेशिक विषमतेच्या नकाशांची उलटतपासणी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, की नकाशांवर टीका कशाला? नकाशा म्हणजे काही मत नव्हे, तो तर आकड्यांचं चित्र असतो. आमचं म्हणणं नेमकं इथूनच सुरू होतं. आरोग्य आणि उत्पन्न यांतली प्रादेशिक विषमता दाखवणारे नकाशे हल्ली अहवालांत, वर्तमानपत्रांत, विधिमंडळाच्या चर्चेत सगळीकडे दिसतात. गडद जिल्हा म्हणजे मागास, फिकट जिल्हा म्हणजे बरा. त्या छटा पाहून निधी ठरतो, पदं ठरतात, योजना ठरतात. म्हणून पुस्तकाची चिकित्सा करतो तशी या नकाशांचीही करायला हवी. आज ती आपण एका भागाच्या आधारानं करू : पूर्वीचा ठाणे आणि आताचा पालघर जिल्हा.

एका दिवसात बदललेला नकाशा

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. त्या दिवशी मोखाड्यातलं एकही घर हललं नाही, जव्हारच्या एकाही मुलाचं वजन वाढलं किंवा घटलं नाही. पण नकाशा मात्र बदलला. आदल्या दिवसापर्यंत हा सगळा भाग राज्यातल्या आघाडीच्या औद्योगिक जिल्ह्यात होता. दुसऱ्या दिवशी तो आदिवासीबहुल, मागास म्हटल्या जाणाऱ्या नव्या जिल्ह्यात आला.

२०११ च्या जनगणनेचे आकडे बघा. अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार. तेव्हाचा तो देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा. त्यात मोखाडा तालुका ८३ हजार ४५३ माणसांचा. म्हणजे शंभरात एक माणूससुद्धा मोखाड्याचा नाही. आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा, मोखाड्यातली १०० पैकी ६० मुलं कमी वजनाची आहेत आणि उरलेल्या जिल्ह्यात हेच प्रमाण ३० आहे. मुलांची वाटणी लोकसंख्येप्रमाणेच धरली, तर जिल्ह्याची सरासरी किती येईल? ३०.२. म्हणजे एका तालुक्यात दुप्पट कुपोषण आहे, आणि जिल्ह्याच्या आकड्यात त्याची खूण दशांशानंतरच्या पहिल्या घरात कुठेतरी उमटते. उलटही खरं. मोखाड्यात जीव तोडून काम केलं आणि ते प्रमाण ६० वरून ३० वर आणलं, तरी जिल्ह्याच्या आकड्यात काहीही दिसणार नाही. काम करणाऱ्याचं श्रेयही बुडालं आणि न करणाऱ्याची जबाबदारीही बुडाली.

हा हिशेब काल्पनिक असला तरी त्यामागचं वास्तव काल्पनिक नाही. १९९२-९३ च्या सुमारास जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात बालमृत्यू झाले आणि राज्यभर खळबळ उडाली. मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतली ही गोष्ट. जिल्हा कोणता? ठाणे. जिल्हा सरासरीच्या कुठल्याही तक्त्यानं त्या गावांची सूचना आधी दिली नसती, देऊ शकली नसती. ती बातमी गावातून आली.

मग विभाजनानं प्रश्न सुटला का? थोडासा. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे तीन तालुके एकत्र धरले, तर त्यांची लोकसंख्या ३ लाख ६१ हजार. जुन्या ठाण्यात शंभरात तीन, नव्या पालघरमध्ये शंभरात बारा. आवाज जरा वाढला. पण पालघर जिल्ह्याची लोकसंख्या २९ लाख ९० हजार, आणि त्यातले १३ लाख ४३ हजार, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के, एकट्या वसई तालुक्यात. वसई-विरार हे मुंबईच्या लोकलला जोडलेलं शहर. म्हणजे नव्या जिल्ह्याची सरासरी काढतानाही वसईचं पारडं जड. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. वैतरणेच्या पलीकडचा शहापूर तालुका ठाण्यातच राहिला. तिथेही वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाडे आहेत. त्याची लोकसंख्या साधारण तीन लाख, आणि तो ८० लाखांच्या उरलेल्या ठाणे जिल्ह्यात. नदीच्या एका काठावरचं मूल मागास जिल्ह्यातलं, दुसऱ्या काठावरचं पुढारलेल्या जिल्ह्यातलं. घरची भाकर मात्र दोघांची सारखीच.

एकक कोणी निवडलं?

या अडचणीला शास्त्रात जुना इतिहास आहे, तो थोडक्यात सांगतो. १९५० साली रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३० च्या तिथल्या जनगणनेवरून दाखवलं, की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसते. पण माणसागणिक पाहिलं तर उलट : परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता जास्त. कारण ते स्थलांतरित मुळात जास्त साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. प्रदेशाचा आकडा माणसावर लादला की अशी फसगत होते. पुढे १९७९ मध्ये ओपनशॉ आणि टेलर यांनी आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या पद्धतीनं एकत्र करून गट पाडले. वयस्क मतदारांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाची मतं, एवढाच साधा संबंध तपासायचा होता. गट बदलत गेले तसा तो संबंध जवळजवळ पूर्ण उलट ते जवळजवळ पूर्ण सुलट, असा कुठेही नेता आला. माहिती तीच, माणसं तीच, फक्त सीमारेषा वेगळ्या.

म्हणून नकाशा पाहताना पहिला प्रश्न रंगाचा नसावा. हे एकक कोणी निवडलं आणि का, हा असावा. महाराष्ट्रात या प्रश्नावर कोट्यवधी रुपयांचं राजकारण झालेलं आहे.

१९८३ मध्ये राज्य सरकारनं प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्य सरासरीच्या किती खाली आहे ते मोजायचं, ती तूट भरायला किती खर्च येईल ते काढायचं, आणि त्याला म्हणायचं अनुशेष. हा शब्द आज आपल्या बोलण्यात इतका रुळलाय की त्यामागे एक मोजणीची पद्धत आहे हेच विसरायला होतं. समितीनं काढलेला एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा. त्यात विदर्भ सुमारे ३९ टक्के, मराठवाडा साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास आणि उर्वरित महाराष्ट्र ३७ टक्के.

उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के अनुशेष आला कुठून? एककातून. समितीनं जिल्हा हे एकक धरलं. त्यामुळे पुण्या-मुंबईचा भाग कितीही पुढे असला, तरी त्याच विभागातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांची तूट स्वतंत्र मोजली गेली. विभाग हे एकक धरलं असतं, तर ज्या क्षेत्रात उर्वरित महाराष्ट्र राज्य सरासरीच्या वर आहे, तिथे त्याच्या नावावर अनुशेष आलाच नसता. विदर्भ-मराठवाड्यातून नेमका हाच आक्षेप घेतला गेला. आमच्या मते दांडेकर समितीची भूमिका तर्काला धरून होती, कारण कोकणातला किंवा खानदेशातला मागास जिल्हा पुण्याच्या पाठीमागे लपवणं अन्यायाचंच झालं असतं. पण मग हाच तर्क एक पायरी खाली का नेला नाही? पुण्याच्या आड दुसरा जिल्हा लपू द्यायचा नाही, तर कल्याण-भिवंडीच्या आड जव्हारला कसं लपू द्यायचं? ठाणे जिल्हा सरासरीच्या वर आला, की जव्हारचा अनुशेष शून्य. समितीच्या मोठेपणाबद्दल पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणावं लागतं. त्या काळी तालुकानिहाय माहिती गोळा करणं किती कठीण होतं, हे मान्य. पण ती सबब आज चालायची नाही.

दुसरी मर्यादा मोजण्याच्या वस्तूची. अनुशेष हा सोयींचा मोजला गेला : दवाखाने, रस्त्यांची लांबी, शाळा. मूल जगलं का, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. २०१३ च्या डॉ. विजय केळकर समितीच्या अहवालानं अनुशेषाच्या पलीकडे जाऊन संतुलित विकासाची भाषा आणली. मानव विकास कार्यक्रमानं सव्वाशे तालुके निवडून तालुक्याला एकक म्हणून मान्यता दिली. गावातून मुलींना शाळेत नेणारी ‘मानव विकास’ लिहिलेली निळी एसटी तुम्ही पाहिली असेल, ती त्यातलीच. म्हणजे सरकारला तालुका दिसत नाही असं नाही. पण आरोग्याची तुलना करताना, क्रमवारी लावताना, भाषणात आकडा फेकताना आपण पुन्हा जिल्ह्यावरच येतो.

सर्वेक्षण आणि नोंदवही

इथे कोणी म्हणेल, ठीक आहे, मग तालुक्याचा नकाशा काढा. इतकं सोपं नाही, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे.

कुपोषणाबद्दल आपण ज्यावर सर्वांत जास्त विसंबतो ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पाचव्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानानं खुजेपणाचं प्रमाण ३५.२ टक्के निघालं. चौथ्या फेरीत ते ३४.४ होतं. म्हणजे सुधारणा जवळजवळ थांबलेली. हे राज्याचं चित्र भरवशाचं आहे. पण राज्यभरात पाहिलेली घरं होती सुमारे ३१ हजार ६००, आणि जिल्हे ३६. जिल्ह्यामागे नऊशेच्या आत घरं. त्यात पाच वर्षांखालची मुलं आणखी कमी. समजा, एका जिल्ह्यात ३०० मुलं मोजली आणि ४० टक्के आकडा आला. संख्याशास्त्राच्या हिशेबानं खरं प्रमाण साधारण ३४ ते ४६ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. नमुना ठरावीक गावांतूनच घेतलेला असल्यामुळे हा पट्टा प्रत्यक्षात आणखी रुंद होतो. आता नकाशावर ४० ला रेघ मारली, तर ३९ चा जिल्हा फिकट आणि ४१ चा गडद. दुसऱ्या दिवशी बातमी, अमुक जिल्हा तमुक जिल्ह्याच्या मागे! दोघांत फरक आहे की नाही, हे त्या सर्वेक्षणाला स्वतःलाच सांगता येत नाही. मग तालुक्याचं तर नावच नको. मोखाड्याच्या वाट्याला त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं येणार.

तालुका, गाव, पाडा इथपर्यंतची माहिती असते ती अंगणवाडीच्या आणि आरोग्य केंद्राच्या नोंदींत. दर महिन्याला वजनं घेतली जातात, सॅम आणि मॅम मुलांची यादी होते. माहिती बारीक आहे, पण ती लिहिणारी माणसं तीच आहेत ज्यांच्या कामाचा हिशेब त्या माहितीवरून होतो. यादी वाढली की वरून विचारणा येते. मग वजनकाटा आपोआप समजूतदार होतो. यात सेविकेला दोष देणं सोपं आहे, पण दोष व्यवस्थेचा आहे. २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला होता. सरकारी दप्तरात दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालमृत्यू प्रत्यक्षात होतात, हे त्यांनी घरोघर मोजणी करून दाखवलं. नकाशाच्या भाषेत सांगायचं तर फिकट दिसणारी जागा दोन प्रकारची असते. एक, जिथे मुलं मरत नाहीत. दुसरी, जिथे मेलेलं मूल लिहिलंच जात नाही. रंग दोन्हींचा सारखाच.

म्हणून आपल्यापुढे पेच असा आहे : सर्वेक्षण निःपक्षपाती पण जाडंभरडं, नोंदवही बारीक पण दबावाखालची. यावर एक उपाय म्हणजे दोन्ही एकमेकांसमोर ठेवणं. दरवर्षी काही मोजक्या पाड्यांत तिसऱ्याच यंत्रणेनं फेरमोजणी करायची, नोंदवही किती कमी लिहिते ते काढायचं, आणि मग तालुक्याचा आकडा त्याच्या अनिश्चिततेसकट जाहीर करायचा. शेजारच्या, सारख्या परिस्थितीतल्या तालुक्यांची माहिती जोडून अंदाज घट्ट करण्याच्या पद्धतीही आज उपलब्ध आहेत. त्याला लागतं संगणकापेक्षा धैर्य. कारण प्रामाणिक मोजणीनंतर पहिल्या वर्षी आकडे वाढणार, आणि ते वाढलेले आकडे छापावे लागणार.

अंतर, सीमा आणि वीटभट्टी

आता नकाशावर जे येतच नाही त्याकडे वळू. पहिली गोष्ट अंतर. प्राथमिक आरोग्य केंद्राचा प्रचलित मापदंड लोकसंख्येचा आहे : सपाटीवर ३० हजारांना एक, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांना एक. पण पाडे विखुरलेले असले, की २० हजार माणसं गाठायला किती डोंगर चढायचे, हे त्या आकड्यात नसतं. पावसाळ्यात ओढा भरला की नकाशावरचे पाच किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस. आणि माणूस जिल्ह्याची हद्द पाहून दवाखान्यात जात नाही. मोखाड्याहून पालघर लांब पडतं, नाशिक जवळ, म्हणून अडलेली बाई नाशिकला जाते. मेळघाटातल्या धारणीला अमरावतीपेक्षा मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर जवळ. सिरोंचापासून गडचिरोली दोनशे किलोमीटरहून जास्त, आणि नदीपलीकडे तेलंगण. अवकाशीय विश्लेषणाचा खरा उपयोग इथे आहे. रस्ता, चढ, पूल आणि पाऊस धरून ‘किती वेळात पोचता येतं’ याचा नकाशा काढला, तर तो दाखवेल की काही ठिकाणी नवी इमारत बांधण्यापेक्षा एक पूल आणि शेजारच्या जिल्ह्याशी, शेजारच्या राज्याशी केलेला करार जास्त जीव वाचवेल. पण आपले नकाशे राज्याच्या रेषेवर कापलेले असतात. नंदुरबार एकटाच गडद दिसतो. त्याला लागून असलेला गुजरात आणि मध्य प्रदेशातला सातपुड्याचा पट्टा जोडला, की कळतं, हा एका जिल्ह्याच्या प्रशासनाचा प्रश्न नव्हे, तीन राज्यांच्या काठाला पडलेल्या एका सलग प्रदेशाचा आहे.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न मोजताना मुख्यतः पाहिलं जातं, की उत्पादन कुठे झालं. शिवाय कित्येक क्षेत्रांत जिल्ह्याची थेट माहिती नसते. राज्याचा आकडा काही निकषांनी जिल्ह्यांत वाटून दिला जातो. पालघर तालुक्यात तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आहे, बोईसरला मोठी एमआयडीसी आहे. तिथलं उत्पादन जिल्ह्याच्या खात्यात पडतं. नफा कुठे जातो आणि पगार कुठे खर्च होतो, ते त्या आकड्यात नाही. चंद्रपूरचा कोळसा आणि वीज यांचीही हीच कथा. मग ‘उत्पन्न बरं, तरी कुपोषण का?’ असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर शोधलं जातं लोकांच्या सवयींत. आधी विचारायला हवं, ते उत्पन्न त्या लोकांचं होतं का?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नकाशा प्रत्येक जागेला आपापल्या रंगात रंगवतो, त्यामुळे जागा एकमेकींपासून सुट्या वाटतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात. लेकरंही सोबत. अंगणवाडीच्या वहीत मूल मोखाड्याचं, पण वर्षातले कित्येक महिने ते राहतं भट्टीवर, जिथे त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. म्हणजे वसईच्या इमारतीची वीट आणि मोखाड्याच्या मुलाचं वजन ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. पाण्याचंही तसंच. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा आणि शहापूर तालुक्यांच्या सीमेवर आहे, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर टँकर जातो. मग एकाला ‘पुढारलेला’ आणि दुसऱ्याला ‘मागे राहिलेला’ म्हणणं अपुरं आहे. मागे राहिलेला म्हटलं की वाटतं, अजून गाडी पोचली नाही. गाडी केव्हाच पोचली आहे. ती रोज काहीतरी घेऊन परत जाते.

शेवटाकडे येताना एक स्पष्ट करू. आम्ही नकाशांच्या विरोधात नाही. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घरागणिक नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं. तो नकाशा उपयोगी पडला, कारण त्यात वॉर्डाची सरासरी नव्हती. घर होतं, पंप होता, आणि लोक पाणी आणायला कुठे चालत जातात याची चौकशी होती. दीडशेहून जास्त वर्षांनंतर उपग्रह आणि संगणक हाताशी असताना आपण त्याहून जाडा नकाशा काढतो, ही खरी शरमेची बाब आहे.

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्याचा आकडा छापायचा तर शेजारी त्याच जिल्ह्यातला सर्वांत वाईट आणि सर्वांत बरा तालुका छापा. आकड्यासोबत त्याची चूकमर्यादा छापा. बाळंतपणासाठी पोचायला लागणारा वेळ मोजा, आणि मोखाड्याचं मूल भट्टीवर गेलं की त्याची नोंद त्याच्यामागे जाऊ द्या. हे कुठलंच काम अवघड तंत्राचं नाही. मात्र ते झालं, तर ‘जिल्हा सुधारतोय’ असं म्हणून कोणालाही सुटता येणार नाही. विरोध होईल तो याच कारणानं होईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. विशेषतः जव्हार, शहापूर, धारणी, धडगाव या बाजूचं कोणी असेल, तर त्यांनी आधी बोलावं.